फ्रीमाँटहून एका दिवसात : एकाक्ष चार्ली आणि शिंद्यांच्या छावणीतला जोरावरसिंग

भारतातून पाहुणे आले की आम्हा फ्रीमाँटकरांची मोठी पंचाईत होते. सॅन फ्रान्सिस्कोवाल्यांकडे गोल्डन गेट आहे, मॉन्टेरेवाल्यांकडे समुद्र आहे. आमच्याकडे काय? लेक एलिझाबेथची बदकं, मिशन पीकची दमछाक करणारी चढण, आणि रांगेनं भारतीय किराणा दुकानं. मागच्या वर्षी आलेल्या एका काकांनी तर दुसऱ्याच दिवशी निकाल दिला, "अरे, हे तर आमच्या कोथरूडसारखंच की! फक्त रिक्षा नाहीत."

खरं तर गाव तसं लहान वयाचंच. सेंटरव्हिल, नाइल्स, अर्व्हिंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज ही पाच खेडी १९५६ साली एकत्र आली आणि फ्रीमाँट झालं. नाव दिलं ते जॉन चार्ल्स फ्रीमाँट ह्या लष्करी अधिकाऱ्याचं. रानोमाळ हिंडून पश्चिमेचे नकाशे करणारा हा गृहस्थ १८५६ मध्ये रिपब्लिकन पक्षाचा पहिला अध्यक्षीय उमेदवार होता. तेव्हा पडला. पुढे यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने जनरल झाला. म्हणजे गाव सॉफ्टवेअरवाल्यांचं असलं तरी नाव शिपायाचं आहे.

ह्या पाच खेड्यांतलं जुनं म्हणजे मिशन सॅन होजे. १७९७ साली स्पॅनिश पाद्र्यांनी ते वसवलं आणि ओलोनी आदिवासींच्या श्रमांवर उभं केलं. मातीच्या विटांचं मोठं चर्च १८०९ मध्ये झालं आणि २१ ऑक्टोबर १८६८ च्या भूकंपात ढासळलं. आज आपण बघतो ती १९८० च्या दशकात पुन्हा बांधलेली वास्तू. आत शिरल्यावर जाड भिंतींचा गारवा लागतो, अगदी आपल्याकडच्या जुन्या वाड्याच्या माजघरासारखा. १८०९ आणि १८६८ ही दोन सालं मंडळींनी लक्षात ठेवावीत, पुढे लागणार आहेत.

चर्चसमोरून जो रस्ता जातो तो मिशन बुलेव्हार्ड. रोज सकाळी ब्रेक दाबत दाबत आम्ही त्यावरून जातो आणि ट्रॅफिकच्या नावाने बोटं मोडतो. सोन्याच्या शोधाच्या काळात मिशन सॅन होजे हे खाणींकडे निघालेल्या लोकांचं सामानसुमान घेण्याचं ठाणं होतं. सॅन होजे आणि ओकलंडच्या दरम्यान प्रवाशांच्या आणि टपालाच्या घोडागाड्या धावत, त्याही खाडीच्या आमच्या ह्याच बाजूने. त्या गाड्या हाकणाऱ्यांत एक नामांकित माणूस होता. चार्ली पार्कहर्स्ट. घोड्याच्या लाथेने एक डोळा गेलेला, म्हणून 'एकाक्ष चार्ली'. सहा घोड्यांचे लगाम दोन्ही हातांच्या बोटांत धरून डोंगरउतारावर गाडी सांभाळणं म्हणजे काय, हे हायवे १७ वर पावसात गाडी चालवलेल्यांना थोडंफार कळेल.

चार्लीचा जन्म १८१२ चा, न्यू इंग्लंडमधला. लहानपणी अनाथाश्रमातून मुलाच्या कपड्यांत पळून जाऊन तबेल्यात कामाला लागला. १८५० च्या सुमारास कॅलिफोर्नियात आला. रेल्वे आल्यावर गाडी सोडली, वॉटसनव्हिलजवळ शेती आणि गुरं केली. १८७९ च्या डिसेंबरात जिभेच्या कॅन्सरने वारला. शेजारी अंत्यविधीसाठी देह तयार करायला आले तेव्हा त्यांना कळलं की हा देह बाईचा आहे. बातमी बघताबघता देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकली. ज्या माणसाला आयुष्यभर कुणी 'गाडी नीट हाक' एवढंही म्हटलं नव्हतं, त्याच्या देहाची चर्चा तो गेल्यावर सगळ्या देशाने केली!

चार्लीचं थडगं बघायला आम्ही एका शनिवारी निघालो. गाडी धाकट्याने चालवली. फ्रीमाँटहून दक्षिणेला १०१ धरून गिलरॉय, तिथून १५२ ने हेकर पास चढून पलीकडे वॉटसनव्हिल. गिलरॉय ही लसणाची राजधानी. काचा वर असल्या तरी वास आत येतो. आमच्या डब्यात दशम्या आणि लसणाचीच चटणी होती, त्यामुळे कुणाला तक्रार करायला तोंड नव्हतं. हेकर पासच्या माथ्याजवळ माउंट मॅडोना. तिथल्या संकटमोचन हनुमान मंदिरात आपल्यातली बरीच मंडळी शनिवारी जातात. त्या आश्रमाचे बाबा हरिदास १९५२ पासून मौनात होते. कायम पाटीवर लिहून बोलायचे, २०१८ मध्ये गेले. मारुतीचं दर्शन घेऊन आपण आल्या वाटेने परत फिरतो. त्याच डोंगरावरून चार्लीची गाडी जात असे, आणि खाली उतरलं की गावाच्या जुन्या पायोनियर स्मशानभूमीत चार्ली आहे, हे ठाऊक नसतं.

थडग्यावरचा दगड १९५५ मध्ये तिथल्या इतिहास मंडळाने बसवला. चार्लीच्या गाडीचे मार्ग त्यावर कोरले आहेत आणि शेवटी लिहिलं आहे की ३ नोव्हेंबर १८६८ रोजी अमेरिकेत मतदान करणारी ही पहिली स्त्री. आमचं मिशनचं चर्च कोसळलं त्याला त्या दिवशी जेमतेम तेरा दिवस झाले होते. कागदोपत्री पुरावा आहे तो सांताक्रूझ काउंटीच्या मतदारयादीत चार्लीचं नाव असल्याचा; दगडाने त्याच्या एक पाऊल पुढे टाकलं आहे. कॅलिफोर्नियात बायकांना मताचा हक्क मिळाला १९११ मध्ये, साऱ्या देशात १९२० मध्ये, तेव्हा त्या दगडाचा अभिमान समजू शकतो. पण दगडासमोर उभं राहिल्यावर धाकटा म्हणाला, "मत द्यायला गेला असेल तर चार्ली म्हणून गेला असेल. पहिली स्त्री व्हायला नाही." ह्यावर आमच्यात स्मशानातच वाद रंगला. आम्हाला दोन्ही बाजू पटत होत्या. शेवटी भूक लागली म्हणून थांबला.

चार्ली सारथी होता, सैनिक नव्हता. पण त्याच पिढीत, ज्या युद्धात आमच्या गावाचा नावदार जनरल होता त्या युद्धात, शेकडो बायका पुरुषांच्या नावाने बंदूक घेऊन लढल्या असं इतिहासकार मानतात. बऱ्याचशा युद्धानंतर घरी परतल्या आणि लुगडं नेसावं तसा झगा घालून संसाराला लागल्या. अल्बर्ट कॅशियर मात्र परतला नाही. आयर्लंडमध्ये १८४३ साली जन्म, जन्मनाव जेनी हॉजर्स. ऑगस्ट १८६२ मध्ये इलिनॉयच्या ९५ व्या पायदळात अल्बर्ट म्हणून भरती. व्हिक्सबर्गच्या वेढ्यात होता, तीन वर्षं युद्धात होता. १८६५ ला पलटण मोडली तरी अल्बर्ट अल्बर्टच राहिला. पुढे सॉनेमिन नावाच्या लहानशा गावात शेतमजुरी केली, रस्त्यावरचे दिवे लावले, निवडणुकीत मत दिलं, सैनिकाची पेन्शन घेतली. आपल्याकडे तालुक्याच्या गावी असा एखादा निवृत्त हवालदार असतो ना, एकटा राहणारा, अबोल, पोरांना गोळ्या देणारा, तसाच डोळ्यांपुढे येतो.

वय झाल्यावर एका मोटारीने पाय मोडला आणि डॉक्टरांना कळलं. त्यांनी वाच्यता केली नाही. सैनिकांच्या वृद्धाश्रमात त्याला जागा मिळाली, तिथेही काही वर्षं गुपित राहिलं. पण १९१४ मध्ये मनोरुग्णालयात हलवलं आणि तिथे सत्तर वर्षांच्या शिपायाला झगा घालायला लावला. पन्नास वर्षं विजारीत वावरलेला माणूस त्या घोळात पाय अडकून पडला आणि पुन्हा जायबंदी झाला. पेन्शनखात्याने फसवणुकीची चौकशी लावली तेव्हा त्याच्या पलटणीतले म्हातारे साक्षीला उभे राहिले : हाच आमचा अल्बर्ट. पेन्शन चालू राहिली. १९१५ मध्ये अल्बर्ट गेला तेव्हा गणवेशात आणि लष्करी इतमामाने दफन झालं, दगडावर नाव अल्बर्टचंच. व्हिक्सबर्गच्या इलिनॉय स्मारकात छत्तीस हजारांवर नावं ब्राँझमध्ये आहेत, त्यात तेही आहे.

ही गोष्ट आम्हाला धाकट्यानेच वाचून दाखवली होती. ते म्हातारे साक्षीला उभे राहिले, ह्या ठिकाणी त्याचा आवाज जरा अडखळला.

आपल्या बे एरियातलं उदाहरण म्हणजे जॅक गारलंड. सॅन फ्रान्सिस्कोतल्या मेक्सिकन कॉन्सुलच्या घरी १८६९ मध्ये मुलगी म्हणून जन्म. १८९७ साली स्टॉकटनला, म्हणजे ट्रेसीवाल्यांच्या अंगणातच, मॅकलाउड तळ्यात नावेवर राहायचा. तेव्हा नाव बेब बीन. पुरुषाचे कपडे घातले म्हणून पोलिसांनी हटकलं, तर मुका असल्याचं सोंग घेऊन वहीवर लिहून उत्तरं दिली. (पाटीवर लिहिणारे बाबा हरिदास आठवले, पण कारणं अगदी वेगळी!) तिथल्या वर्तमानपत्राला हा मुका तरुण इतका आवडला की त्याला बातमीदार केलं. १८९९ मध्ये फिलिपिन्सच्या लढाईला निघालेल्या बोटीवर कामाचा पोऱ्या म्हणून चढला. वाटेत उघडकीला आलं, पण होनोलुलूत शिपायांनीच लपवून पुन्हा बोटीवर घेतलं. मनिलात सैन्याबरोबर राहिला, पण सैन्याच्या पटावर नाव कधीच लागलं नाही. नंतर जॅक म्हणून सॅन फ्रान्सिस्कोत बेघर पुरुषांना मदत करत राहिला आणि १९३६ मध्ये वारला. त्याचं चरित्र लू सलिव्हन ह्यांनी लिहिलं, ते १९९० मध्ये आलं. तेही जन्माने मुलगी, आयुष्याने पुरुष. प्रेसिडिओ, जिथून हे शिपाई रवाना व्हायचे, ते १९९४ पर्यंत लष्करी ठाणं होतं. आता तिथे आपण पिकनिकला जातो.

अमेरिकन लष्कराचं धोरण अजूनही दार उघडबंद करण्याचंच आहे : २०१६ मध्ये उघडलं, २०१९ मध्ये लावलं, २०२१ मध्ये उघडलं, २०२५ मध्ये पुन्हा लावलं.

हे सगळं ऐकल्यावर कुणीतरी म्हणणारच, ही सगळी इकडची थेरं, आपल्याकडे असलं काही नव्हतं. म्हणून आता ते दुसरं साल, १८०९. मिशन सॅन होजेचं मातीचं चर्च बांधून झालं त्याच वर्षी दौलतराव शिंद्यांची छावणी राजपुतान्यात फिरत होती. असईला आणि आडगावला पराभव होऊन सहा वर्षं झाली होती. छावणी म्हणजे चालतं गाव : फौज, बाजार, सावकार, भाट, देवदेवता, गुरंढोरं. पुढच्याच वर्षी ती ग्वाल्हेरला कायमची टेकली आणि त्या जागेला आजही लश्करच म्हणतात. इंग्रज रेसिडेंटाच्या संरक्षक तुकडीचा अधिकारी टॉमस ब्राउटन ह्या छावणीबरोबर होता. त्याने भावाला लिहिलेली पत्रं १८१३ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने निघाली. साहेब खवचट आहे, मराठ्यांवर जागोजागी तोंडसुख घेतो, पण डोळे उघडे ठेवून लिहितो. पगार थकला म्हणून शिपाई सरदारांच्या दारात धरणं धरून बसत, ते वर्णन वाचताना तर हसूही येतं आणि वाईटही वाटतं.

त्या पत्रांत एका शिपायाची हकिकत आहे. नावाचं स्पेलिंग साहेबाने आपल्या कानाने केलं आहे. आम्ही ते जोरावरसिंग असं वाचतो. शिंद्यांच्या पलटणीत दोन-तीन वर्षं नोकरी झालेली. आंघोळीच्या वेळी सोबत्याच्या लक्षात आलं की ही बाई आहे. छावणीत गवगवा झाला, गोष्ट महाराजांपर्यंत गेली. चौकशीत कळलं की भाऊ भोपाळला कर्जापायी कैदेत आहे. त्याला सोडवायला पैसे जमवायचे म्हणून बहिणीने पुरुषाचं नाव घेऊन बंदूक उचलली. आणि नोकरी धरली ती नेमकी अशा फौजेत जिथे पगार वेळेवर होत नाही! आमच्यातल्या स्टार्टअपवाल्यांना हे दुःख कळेल.

इतके दिवस कळलं कसं नाही, असं आपल्याला वाटतं. पण त्या हिंदुस्थानी पलटणींत शिपाई आपापली चूल वेगळी मांडत, सोवळं-ओवळं पाळत, आंघोळ अंगावर धोतर ठेवून करत. एकटं जेवणाऱ्याला कुणी का म्हणून विचारणार? चार्लीला सारथ्यांच्या एकाकी धंद्याने झाकलं, अल्बर्टला अबोलपणाने, तर जोरावरसिंगला आपल्या जातपातीच्या शिस्तीने. इंजिनियर माणसाला ह्यातली ही बाजू पटकन दिसते : जिथे व्यवस्था स्वतःच पडदे लावते तिथे वेगळा पडदा लागत नाही.

दौलतरावांबद्दल इतिहासात फारसं बरं लिहिलेलं नाही. पण इथे त्यांनी शिक्षा केली नाही. शिपायाला रजा दिली आणि भावाच्या सुटकेसाठी भोपाळच्या नवाबाला पत्र दिलं. राणी बायजाबाईंनीही ह्या प्रकरणात लक्ष घातलं. बायजाबाई म्हणजे कागलकर सर्जेराव घाटग्यांची लेक.

आता एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. चार्ली, अल्बर्ट, जॅक आणि जोरावरसिंग ह्यांना एका माळेचे मणी करू नये. जोरावरसिंगचं काम भावासाठी होतं, काम झालं की वेश उतरवायचा होता. तिला 'ती' म्हणताना आम्हाला अडखळायला होत नाही. अल्बर्टला मात्र झगा म्हणजे शिक्षा होती. ज्याने पन्नास वर्षं स्वतःला 'तो' म्हटलं त्याला मेल्यावर 'ती' म्हणायला आपण कोण?

इंग्रजीत हा प्रश्न एका सर्वनामाचा. मराठीत तो क्रियापदापर्यंत जाऊन भिडतो. इंग्रजीत 'मी आले' आणि 'मी आलो' सारखंच. आपल्याकडे तोंड उघडलं की लिंग बाहेर! सुटका फक्त 'आम्ही'त आहे. आम्ही आलो, आम्ही गेलो, आम्ही जेवलो. बाई म्हणो की बाप्या. हा लेखही 'आम्ही'त आहे, तेव्हा तो घरातल्या कुणी लिहिला हे ओळखून दाखवा.

आणि हे आम्हाला एवढं का लागलं, ते एव्हाना चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलं असेल. मंडळाच्या गणपतीत ज्यांनी आमच्या धाकटीला लेझीम खेळताना पाहिलं आहे, त्यांना वर 'धाकटा' हा शब्द खटकला असणार. तो मुद्रणदोष नाही. दोन वर्षांपूर्वी त्याने आम्हाला सांगितलं, आणि एक दिवस कोल्हापूरच्या आजीशी फोनवर बोलताना तो म्हणाला, "आजी, मी आत्ताच घरी आलो." आम्ही स्वयंपाकघरात श्वास रोखून उभे. आजींनी विचारलं, "आलंस व्हय लेकरा? जेवलंस का?" ना आलास, ना आलीस. आलंस! आणि 'आलो'चं त्यांना काहीच वाटलं नाही, कारण त्या स्वतः जन्मभर "मी आलो, मी जातो" असंच बोलत आल्या आहेत. कोल्हापूरकडच्या बायका बोलतातच तसं. पुण्याच्या माहेरवाशिणी त्यावर हसतात, ती गोष्ट वेगळी.

नंतर सगळं नीट उलगडून सांगितलं तेव्हा मात्र आजी गप्प झाल्या. दोन आठवडे फोनवर फक्त पाऊस आणि गुडघे. तिसऱ्या आठवड्यात अचानक म्हणाल्या, "नाव काय ठिवलंय?" सांगितलं. तर चिडल्या. नावावर नाही. "बारशाला आत्या लागती. तिला न इचारता कुणी ठिवलं?" मग आत्याला इचलकरंजीला रात्री उठवलं, व्हिडिओ कॉल लावला, आणि आत्याने तिकडून फोनच्या तोंडाशी ओठ नेऊन एकोणीस वर्षांच्या भाच्याच्या कानात 'कुर्र' केलं. नाव आम्ही इथे छापत नाही. दिवाळीच्या कार्यक्रमात तो ध्वनियंत्रणा सांभाळणार आहे, त्यालाच विचारा, सांगेल.

ज्यांना ही सहल करायची असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. सकाळी मिशन सॅन होजे बघून निघावं, म्हणजे ऊन चढायच्या आत हेकर पास पार होतो. घाटात वळणं फार, लहान मुलांना आधी आलेपाक द्यावा. हनुमानाचं दर्शन आधी आणि स्मशानभूमी नंतर करावी, म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांची कुरकुर होत नाही. वॉटसनव्हिलच्या आसपास मोसमात रस्त्याकडेला स्ट्रॉबेरी ताजी मिळते. चार्लीचा दगड तसा साधाच आहे, चटकन नजरेत भरत नाही, थोडं फिरून शोधावा लागतो. आम्ही गेलो तेव्हा त्यावर कुणीतरी एक जुना चामडी हातमोजा ठेवला होता, डाव्या हाताचा.